ॲप अपडेट केलं तरी जुनाच डेटाबेस दिसतो, बदलला तर लोकांच्या नोंदी उडतात. काय करू?

बाबू_काटोलवाला
मंगळवार, रात्री ११:५०

आधीच सांगून टाकतो, मी शिकलेला प्रोग्रामर नाही. बी.एस्सी. ॲग्री केली, मग नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानात बिलिंगचं काम पाहता पाहता जावा शिकलो. प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या. तीन दिवसांपासून याच्यातच अडकून राहिलो.

बाबांचं काटोलला कृषी केंद्र आहे. त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी दोन वर्षांपूर्वी संत्र्याच्या बागेचं अँड्रॉइड ॲप केलं. त्यात दोन भाग. एक ‘माहिती’: किडी, रोग, औषधं, पंपाला किती घालायचं, आंबिया आणि मृग बहाराची कामं. ही एसक्यूलाइटची (फोनमध्येच चालणाऱ्या छोट्या डेटाबेसची) फाइल मी आधीच भरून ॲपसोबत जाणाऱ्या ॲसेट्स फोल्डरमध्ये ठेवतो, साधारण सहा एमबी. दुसरा भाग ‘माझी बाग’: त्यात शेतकरी स्वतः लिहितो. कधी ताण दिला (झाडांचं पाणी बंद केलं), कधी ताण तोडला, कोणती फवारणी केली, डिंक्यावर बोर्डो पेस्ट कोणत्या झाडांना लावली. सगळं नेटशिवाय चालतं, कारण विहिरीपाशी रेंजची एक काडी येते आणि बागेत शिरलं की तीही जाते. सर्व्हरवरून माहिती आणा, असं कृपया सांगू नका.

आता घोळ.

पहिल्या व्हर्जनमध्ये मी सोपं लिहिलं होतं: डेटाबेस फोनमध्ये नसेल तर ॲसेट्समधून कॉपी कर, असेल तर आहे तोच उघड. छान चाललं. मग २०२३ मध्ये केंद्र सरकारनं डायकोफॉलवर बंदी आणली. माझ्या यादीत कोळी किडीसाठी तेच औषध होतं. मी ते काढलं, नवी फाइल ॲसेट्समध्ये टाकली, दुसरं व्हर्जन सोडलं. माझ्या एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) बरोबर दिसत होतं. पंधरा दिवसांनी एक जण बाबांच्या काउंटरवर आला, फोन पुढे केला अन् म्हणाला, “तुमच्याच पोराच्या ॲपात लिहून हाय, अन् तुम्हीच नाही म्हणता?” ॲप त्यानं अपडेट केलेलं होतं, मी व्हर्जन नंबर पाहिला. यादी मात्र जुनीच. बाबांनी त्या माणसाला समजावलं, मला संध्याकाळी फोनवर समजावलं.

मग तिसऱ्या व्हर्जनमध्ये मी लिहिलं: ॲपचा व्हर्जन कोड वाढलेला असेल तर जुनी फाइल उडव आणि नवी कॉपी कर. नशीब की सगळ्यांना एकदम सोडलं नाही, वीस टक्क्यांनाच सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांचा फोन. “काहून बाबू, माही वही कुठी गेली?” दोन वर्षांच्या नोंदी. ‘माझी बाग’चं टेबल त्याच फाइलमध्ये होतं आणि मी फाइलच उडवली. लक्षात आलं तेव्हा हातातला चहा थंड झाला होता.

रोलआउट थांबवला आहे. तीन प्रश्न. माहिती बदलायची पण नोंदींना धक्का लागू द्यायचा नाही, हे करतात कसं? दोन-तीन जणांनी ‘डेटाबेस डिस्क इमेज मालफॉर्मड’ असा एरर येऊन ॲप बंद पडल्याचं कळवलं, ते काय आहे? आणि मोठेबाबांच्या नोंदी परत येण्याचा काही मार्ग आहे का? शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असेल तरी सांगा, मला त्यांना तोंड दाखवायचं आहे.


झटपट_उत्तर
बुधवार, सकाळी ७:१५

एवढं काय त्यात. लोकांना सांगा, अनइन्स्टॉल करून परत टाका. नवीन डेटाबेस येईल. नाहीतर नव्या फाइलमधून ओळी वाचून ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ मारा जुन्या फाइलमध्ये. दहा ओळींचा कोड.


बाबू_काटोलवाला
बुधवार, सकाळी ७:४०

अनइन्स्टॉल केलं तर नोंदी जातीलच ना भाऊ? तोच तर प्रश्न आहे.


जुनी_वही
बुधवार, सकाळी ९:०५

बाबूभाऊ, बाकी सगळं नंतर वाचा. आधी मोठेबाबांना फोन करा आणि सांगा की फोन वायफायला जोडू नका. ॲप काढू नका, उघडूही नका. कारण दुपारी लिहिते, आत्ता ऑफिसला निघाले आहे.


बाबू_काटोलवाला
बुधवार, सकाळी ९:२०

सांगितलं. त्यांच्या घरी वायफाय नाहीच. पण का ते कळलं नाही ताई.


जुनी_वही
बुधवार, दुपारी २:३०

आता सावकाश. मी धंतोलीत एका लहान कंपनीत बारा वर्षं हेच काम करते आहे, आणि तुम्ही केलेली चूक मीही केलेली आहे. माझ्या वेळी लोकांचे डबेवाल्याचे हिशेब गेले होते, एवढाच फरक.

आधी मोठेबाबा. अँड्रॉइड ६ पासून ‘ऑटो बॅकअप’ असतो. तुम्ही मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणाऱ्या फाइलमध्ये) मुद्दाम बंद केला नसेल तर ॲपचा डेटा, डेटाबेस फाइल्स धरून, २५ एमबीपर्यंत त्या माणसाच्या गुगल ड्राइव्हवर जातो. तुमची फाइल सहा एमबीची, म्हणजे बसते. पण हा बॅकअप कधी होतो? मागचा होऊन चोवीस तास झालेले असले, फोन नुसता पडलेला असला आणि वायफाय मिळालं तर. आणि ठेवला जातो तो शेवटचाच. मोठेबाबांच्या घरी वायफाय नाही हे तुमचं भाग्य समजा. मधल्या काळात ते कधी कोणाच्या वायफायवर गेले असतील तर त्या दिवसाची प्रत वर असू शकते. आज जर फोन वायफायला जोडला, तर रात्री तुमची नवी कोरी फाइल वर जाईल आणि चांगली प्रत पुसली जाईल. म्हणून ती घाई.

ॲप परत टाकलं की हा बॅकअप आपोआप खाली येतो, ॲप पहिल्यांदा उघडण्याआधीच. त्यामुळे वरच्या भाऊंचा अनइन्स्टॉलचा सल्ला एका गमतीशीर कारणानंही फसतो: ज्याचा बॅकअप आहे त्याच्याकडे जुनी फाइलच परत येते, तुमचा कोड पाहतो की ‘फाइल आहे’, आणि डायकोफॉल पुन्हा यादीत. मोठेबाबांसाठी मात्र आपल्याला नेमकं हेच हवं आहे. पण आत्ता नाही. आत्ता टाकलंत तर तिसरं व्हर्जन ती फाइल पुन्हा उडवेल. आधी चौथं व्हर्जन नीट बनवा.

आता मूळ गोष्ट. ॲप अपडेट होतं तेव्हा एपीके बदलते, म्हणजे कोड आणि ॲसेट्स. फोनमधल्या ॲपच्या खासगी फोल्डरला कोणी हात लावत नाही, आणि लावू नये हेच बरोबर. एसक्यूलाइटला एपीकेच्या आतली फाइल जागच्या जागी उघडता येत नाही, तिला खरी फाइल लागते, म्हणून आपण कॉपी काढतो. त्या कॉपीला मूळ बदललं हे कळायला काही मार्ग नाही. एम्युलेटरवर तुम्हाला बरोबर दिसलं, कारण तुम्ही दर वेळी ॲप पुसून नव्यानं टाकत असणार.

तुमची खरी चूक डिलीटची नाही, त्याच्या आधीची आहे. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचा हिशेब लिहायची. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की जुनं काढायला ती फेब्रुवारी उजाडेपर्यंत तयार नसायची, कारण गवळ्याचे पैसे त्याच्यावर. तुम्ही छापील मजकूर आणि दुधाचा हिशेब एकाच कागदावर ठेवला आहे. दोन फाइल करा. माहितीची एक, नोंदींची दुसरी.

माहितीची फाइल फक्त वाचायची. तिच्यात ॲपनं एक अक्षर लिहायचं नाही, त्यामुळे ती केव्हाही फेकून नवी ठेवता येते. ती बॅकअपमध्ये न जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यासाठी अँड्रॉइड ५ पासून वेगळी जागा आहे. नावातच आकडा घाला: माहिती_४, पुढच्या वेळी माहिती_५. कॉपी करताना आधी तात्पुरत्या नावानं उतरवा, पूर्ण उतरली की मगच खरं नाव द्या. मध्येच फोन बंद पडला तर अर्धवट फाइल खऱ्या नावानं बसत नाही. हे सगळं मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावर, करू नका, स्वस्त फोनवर सहा एमबी उतरायला लागणारा वेळ तुमच्या एम्युलेटरला माहीत नाही.

व्हर्जन कशावरून ओळखायचं? ॲपच्या व्हर्जन कोडवरून नको. उद्या नुसता बटणाचा रंग बदलून अपडेट दिलं तरी सगळ्यांच्या फोनवर विनाकारण कॉपी होईल. डेटाचा स्वतःचा नंबर ठेवा. एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये ‘युजर व्हर्जन’ नावाचा आकडा असतोच, फाइलच्या सुरुवातीपासून ६० व्या बाइटवर, चार बाइटचा, मोठा बाइट आधी. ॲसेटची फाइल उघडून पहिले ६४ बाइट वाचले की नवा आकडा कळतो, कॉपी न करता. मी हेच करते, गेल्या सहा वर्षांत दगा दिलेला नाही.

‘मालफॉर्मड’चं बहुतेक असं आहे. अँड्रॉइड ९ पासून अँड्रॉइडच्या डेटाबेस हेल्परनं उघडलेला डेटाबेस साधारणपणे डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉग) पद्धतीनं चालतो. म्हणजे ताजे बदल मुख्य फाइलमध्ये लगेच जात नाहीत, शेजारी ‘-वॉल’ शेपटीची दुसरी फाइल असते तिच्यात जातात. तुम्ही मुख्य फाइल साध्या फाइल डिलीटनं उडवली असणार. शेपटी तशीच राहिली. मग नव्या फाइलला जुन्याची शेपटी जोडली गेली आणि एसक्यूलाइटनं जुनी पानं नव्या पुस्तकात चिकटवायचा प्रयत्न केला. डेटाबेस कधी उडवायचाच असेल तर अँड्रॉइडची ‘डिलीट डेटाबेस’ मेथड वापरा, ती शेपट्यांसकट काढते. नावात आकडा घाला म्हटलं, तेही याचसाठी.

एक धोका सांगते, जो मला फार उशिरा कळला. दोन फाइल झाल्या की मोह होतो ‘अटॅच’ करून दोन्हींवर जॉइन मारायचा, म्हणजे दोन फाइलमधली टेबलं एकाच क्वेरीत जोडायचा. पण डेटाबेस बिघडलेला सापडला की अँड्रॉइडचा ठरलेला एरर हँडलर काय करतो ठाऊक आहे? फाइल उडवतो. आणि अटॅच केलेल्या असतील तर सगळ्याच उडवतो. म्हणजे बिघडली माहितीची फाइल आणि गेल्या नोंदी. तुमच्या एका शेतकऱ्याच्या नोंदी किती? दोनशे? जॉइनची गरजच नाही. नोंदी वाचा, त्यातले आयडी घ्या, माहितीच्या फाइलमधून नावं आणा. आणि नोंदींच्या फाइलला स्वतःचा एरर हँडलर लिहा, जो फाइल पुसणार नाही, बाजूला सारून ठेवेल.


झटपट_उत्तर
बुधवार, दुपारी ३:१०

ताई, ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ला काय झालं मग? माझ्या तीन ॲपमध्ये चालू आहे.


जुनी_वही
बुधवार, दुपारी ३:४५

चालतं, गैरसमज होईपर्यंत. नावावरून वाटतं की ती ओळ दुरुस्त करते. खरं तर ती जुनी ओळ काढून टाकते आणि नवी घालते. त्या ओळीत लोकांनी भरलेला एखादा कॉलम असेल, समजा ‘आवडती’ची खूण, आणि तुम्ही तो दिला नाहीत, तर तो कोरा होतो. फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा) चालू असून त्यावर ‘डिलीट कॅस्केड’ असेल तर त्या किडीच्या सगळ्या नोंदी मागोमाग जातात. दुरुस्तीसाठी खरा मार्ग म्हणजे अपसर्ट: ओळ असेल तर बदल, नसेल तर घाल. पण तो एसक्यूलाइट ३.२४ पासून आहे आणि अँड्रॉइड १० मध्ये येतं ते ३.२२. काटोलच्या बाजारात अँड्रॉइड १० पर्यंतचे फोन किती असतील ते बाबूभाऊच सांगतील. शिवाय यादीतून काढलेलं औषध रिप्लेसनं जातच नाही. डायकोफॉलची ओळ नव्या फाइलमध्ये नाही म्हणून जुन्यातली कोण पुसणार?


शून्य_मैल
बुधवार, रात्री ९:३०

वहीताईंनी बहुतेक सगळं सांगितलं. मी रूम (गुगलची डेटाबेस लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ टाकतो, कारण हा धागा शोधत कोणीतरी येईलच. रूममध्ये ‘क्रिएट फ्रॉम ॲसेट’ आहे, पण तेही पहिल्यांदाच कॉपी करतं. पुढे व्हर्जन वाढवलं आणि मायग्रेशन (जुना डेटाबेस नव्या रचनेत नेणारा कोड) लिहिलं असेल तर ते चालतं, ॲसेटकडे कोणी पाहत नाही. मायग्रेशन नसेल आणि ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह’ लावलं असेल तर जुना डेटाबेस पुसून ॲसेटमधून नवा. म्हणजे बाबूभाऊंनी हातानं केलं तेच, फक्त सभ्य नावानं.

जुन्या काळची एक गंमत. अँड्रॉइड २.३ च्या आधी ॲसेट्समधली दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली फाइल उघडल्यावर एक एमबीच्या वर गेली की वाचताच यायची नाही. मग आम्ही डेटाबेसच्या नावाला एमपी३ चं शेपूट लावायचो, कारण गाणी आधीच दाबलेली म्हणून बिल्ड त्यांना पुन्हा दाबत नसे. एका क्लायंटनं एपीके उघडून विचारलं होतं, यात कोणतं गाणं टाकलं आहे.

आणि टेस्ट करताना: जुनी एपीके टाका, चार नोंदी लिहा, मग नवी तिच्यावरच टाका, पुसू नका. दोन्ही एकाच कीनं साइन केलेल्या हव्यात, नाहीतर फोन वरून टाकूच देत नाही. पहिल्यावरून थेट चौथ्यावर, दुसऱ्यावरून चौथ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर, तिन्ही वाटा चालून बघा. लोक व्हर्जन क्रमानं घेत नाहीत. वर्षभर अपडेट न केलेला माणूस एक दिवस पुतण्याच्या हातात फोन देतो आणि पुतण्या सगळं एकदम अपडेट करतो.


बाबू_काटोलवाला
शुक्रवार, रात्री १२:२०

दोन फाइल केल्या. नव्या ॲपच्या पहिल्या सुरुवातीला जुनी फाइल आहे का पाहतो, असेल तर जागेवरच उघडून (वहीताई, शेपटीतल्या ताज्या नोंदी राहू नयेत म्हणून दुसरीकडे कॉपी केली नाही) नोंदी वाचतो आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नव्या फाइलमध्ये घालतो. जुनी फाइल पुसत नाही, नाव बदलून ठेवतो. शून्य_मैल भाऊंनी सांगितलेल्या तिन्ही वाटा चालून पाहिल्या.

बाबांच्या फोनवर अजून दुसरं व्हर्जन होतं, त्यावर चौथं टाकलं. १८६ नोंदी होत्या, १८६ आल्या. आनंदात आईला हाक मारणार, तेवढ्यात दिसलं की २३ नोंदींपुढे किडीचं नावच नाही.

इथे माझं दुसरं पाप बाहेर आलं. नोंदींमध्ये मी किडीचा आयडी ठेवला नव्हता, नाव ठेवलं होतं. म्हटलं नाव तर बदलणार नाही. आणि खरंच बदललं नाही! त्या २३ पैकी बहुतेक ‘रस शोषणाऱ्या किडी’ आहेत. नव्या यादीत पण ‘रस शोषणाऱ्या किडी’ आहे. स्क्रीनवर दोन्ही एकाखाली एक ठेवून पाहिली, वेलांटी न् काना सारखा. तरी जुळत नाही. बरं, ‘डिंक्या’ जुळतो, ‘काळी माशी’ जुळते, ‘साल खाणारी अळी’ जुळते. ‘पाने पोखरणाऱ्या अळ्या’ जुळत नाही. भूत आहे का यात?


शून्य_मैल
शुक्रवार, सकाळी ८:००

दोन्ही नावांवर एसक्यूलाइटचं लेंग्थ फंक्शन चालवा. आकडे टाका इथे.


बाबू_काटोलवाला
शुक्रवार, सकाळी ८:२५

जुनं नाव नव्यापेक्षा एका अक्षरानं लांब आहे! पण दिसत तर नाही कुठे.


शून्य_मैल
शुक्रवार, सकाळी ८:५०

भूत सापडलं. ‘ऱ्या’ आहे ते. न जुळणाऱ्या सगळ्या नावांत बघा, ‘शोषणाऱ्या’, ‘पोखरणाऱ्या’.

आपला हा अर्धा र दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. दुसरी, साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग य. कागदावर दोन्ही सारखीच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. दुसऱ्या तऱ्हेत एक अक्षर जास्त, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट जास्त. पहिली यादी आणि नवी यादी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केली आहे का?


बाबू_काटोलवाला
शुक्रवार, सकाळी ९:१०

अरे बाप्पा. पहिली मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर केली होती. नवी बहिणीनं फोनवर टाइप केली, कारण मी म्हटलं शुद्धलेखन एकदा तपास. तिनं तपासलं, मी तिच्याच फाइलमधून घेतलं.

मग युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तर जुळेल का?


शून्य_मैल
शुक्रवार, सकाळी ९:३०

अर्धंच. कोणी र खाली नुक्ता देऊन ऱ लिहिला असेल तर एनएफसी (नॉर्मलायझेशनचा एक प्रकार) तो एकजीव ऱ करून देतं. जॉइनरवाल्याला ते हात लावत नाही, ती बदली तुम्हालाच करावी लागेल.


जुनी_वही
शुक्रवार, दुपारी १:१५

हुशारी करू नका, असा माझा सल्ला. यादीत नावं किती आहेत?


बाबू_काटोलवाला
शुक्रवार, दुपारी १:३०

चौसष्ट.


जुनी_वही
शुक्रवार, दुपारी २:१०

चौसष्ट नावं दोन चहा होईपर्यंत हातानं जुळवून होतात. माहितीच्या फाइलमध्ये ‘जुनी नावं’ असं एक टेबल करा: पहिल्या आणि दुसऱ्या व्हर्जनमध्ये जे नाव जसं होतं तसं, जुन्या फाइलमधूनच उचलून, टाइप न करता, आणि त्यापुढे आयडी. नोंदी हलवताना त्यातून आयडी शोधा. नाही सापडला तरी नोंद टाकू नका, त्या माणसानं पाहिलेलं नाव नोंदीत मजकूर म्हणून राहू द्या. खरं तर ते कायमच राहू द्या. २०२२ मध्ये त्यानं डायकोफॉल मारलं असेल तर त्याच्या वहीत डायकोफॉलच दिसलं पाहिजे, भले आज ते यादीत नसो. वही दुरुस्त करणं आपलं काम नव्हे.

आणि आयडी एकदा दिला की दिला. औषध बंद झालं तर ओळ काढू नका, ‘बंद’ अशी खूण करा आणि यादीत लाल अक्षरात दाखवा. त्याचा आयडी दुसऱ्या औषधाला कधीच देऊ नका, नाहीतर कोणाच्या तरी जुन्या फवारणीचं औषध रात्रीत बदलेल. आयडीचा कॉलम ‘इंटीजर प्रायमरी की’ म्हणून स्पष्ट लिहा. नुसत्या अंगच्या रो-आयडीवर विसंबलात तर फाइलवर व्हॅक्यूम चालवल्यावर ते आकडे बदलू शकतात. आणि फाइल लहान करायला तुम्ही व्हॅक्यूम चालवणारच.


बाबू_काटोलवाला
रविवार, रात्री १०:४५

काटोलहून आत्ताच आलो. सगळं सांगतो, तुमचा हक्क आहे.

चौथं व्हर्जन आधी क्लोज्ड टेस्टिंगला (निवडक लोकांपुरतं) टाकलं. बाबांच्या फोनवर १८६ च्या १८६, नावांसकट. मग मोठेबाबांकडे गेलो. वायफायचं मी परवाच विचारलं होतं. दिवाळीत ते चार दिवस नागपूरला, नंदनवनला, ताईकडे होते आणि भाच्यानं फोन तिथल्या वायफायला जोडून दिला होता. तेव्हा ॲपचं पहिलं व्हर्जन होतं. त्यानंतर वायफाय नाही.

ओट्यावर बसलो. त्यांच्यासमोर ॲप काढायचं म्हणजे माझेच हात थरथरत होते. ते शांत. म्हणाले, “काढ ना, आता काय उरलं त्याच्यात.” काढलं, चौथं टाकलं, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर. उघडलं. दोन-तीन सेकंद गोल फिरलं आणि ‘माझी बाग’ भरलेली. ११२ नोंदी. ‘१४ जुलै, दुसरी फवारणी, लगेच पाऊस, वाया गेली.’ ती त्यांनी मोठ्यानं वाचली आणि त्या पावसाला नव्यानं एक शिवी दिली.

शेवटची नोंद दिवाळीतली आहे. त्यानंतरचं गेलं ते गेलं. त्यात आंबिया बहाराच्या ताणाची तारीख होती, म्हणून मी पुन्हा माफी मागायला लागलो, तर म्हणाले, “ताण कवा देल्ला ते मले फोनात पाहा लागते का?” आणि तारखेसकट सांगितलं. मी बसल्या बसल्या सात नोंदी भरून दिल्या.

आता सोमवारपासून पाच टक्के, मग वीस, असं सोडतो. कोळ्याच्या पानावर डायकोफॉल लाल अक्षरात ‘बंद’ दिसतं आहे. बाबांनी त्याचा स्क्रीनशॉट छापून काउंटरच्या काचेखाली ठेवला.

निघताना पाहिलं, मोठेबाबांनी दुकानातून दहा रुपयांची वही आणली होती. विचारलं तर म्हणाले, “तुह्या ॲपात बी लिहितो अन् हिच्यात बी.”


जुनी_वही
सोमवार, सकाळी ९:००

बरोबर करताहेत. पुढच्या व्हर्जनमध्ये सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये काढून व्हॉट्सॲपवर पाठवता येतील असं बटण द्या. आणि ते सेटिंगमध्ये लपवू नका, ‘माझी बाग’च्या पहिल्याच पानावर ठेवा.